खांबेटे बाईंची थंड खोली

करावे गावातून सीवूड्सकडे जाताना रस्त्यावर एक नवीन जिम निघालं आहे. तिथे माणसांना बर्फाच्या टबात बसवतात. माझी सून एकदा बसून आली आणि चार दिवस शिंकत होती. थंडी लागली की अंगातली तपकिरी चरबी जागी होते आणि पांढऱ्या चरबीला जाळते, असं तिथला मास्तर सांगतो. आमच्या घरात आजवर बर्फात पापलेटच बसलं होतं, तेही मेल्यावर. मी सुनेला विचारलं, त्या मास्तराने तपकिरी चरबी कधी डोळ्यांनी पाहिली आहे का? ती म्हणाली, "आई, तुमाला काय कळतं त्यातलं?"

मला त्यातलं थोडं कळतं. अठरा वर्षं मी खारघरच्या एका संशोधन संस्थेत उंदरांचे पिंजरे धुतले. त्यातली शेवटची नऊ वर्षं खांबेटे बाईंच्या उंदरांचे. तपकिरी चरबी मी पाहिली आहे. पिकलेल्या चिकूच्या गराचा रंग असतो. उंदराच्या दोन खांद्यांच्या मध्ये, नखाएवढी. एवढ्याशा वस्तूपायी एक शिकलीसवरलेली बाई आयुष्यभर नाक पुसत बसली, हेही मी पाहिलं आहे.

डॉक्टर मृदुला खांबेटे. मृदुला हे नाव ज्याने ठेवलं त्याने फार घाई केली. किडकिडीत बाई, हातात पुरुषी घड्याळ. केस घरीच स्वतःच्या हाताने कापायच्या आणि ते मागून दिसायचं. डब्यात रोज दहीभात आणि दोन उकडलेली अंडी. तोही डबा खिडकीशी उभ्याने खायचा, कारण बसून खाल्लं की माणूस बोलत बसतो, असं त्यांचं मत. संस्थेतले बाकीचे डॉक्टर मला मावशी म्हणायचे आणि आपले चहाचे कप माझ्यासाठी टेबलावर सोडून जायचे. खांबेटे बाई मला आडनावाने तांडेल म्हणायच्या, पोलिसात हजेरी घेतात तसं. कप मात्र स्वतः विसळायच्या. आता यातलं कुठलं बरं, ते ज्याने त्याने ठरवावं.

त्यांच्या तोंडात एक शब्द कायम असायचा. कशावरून? कँटीनवाला म्हणाला, चहा ताजा आहे, की बाई विचारणार, कशावरून? शेवटी तो बिचारा त्यांना काही न बोलता कप द्यायला लागला. वॉचमन म्हणाला, मोठे साहेब मीटिंगमध्ये आहेत. कशावरून? पाहिलंत का आत जाऊन? एकदा ऑफिसातल्या एका कारकुनाचे वडील गेले. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले होते. आम्ही सगळे त्याला भेटायला गेलो आणि जनरीतीप्रमाणे म्हणालो, सुटले बिचारे. बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कशावरून?" तो कारकून त्यानंतर पाच वर्षं त्यांच्या समोरून गेला तरी त्यांच्याकडे बघत नव्हता. बाईंना ते कळलंही नसेल.

संस्थेत तळमजल्यावर उंदीरघर आणि त्याच्या टोकाला बाईंची थंड खोली. फ्रिजमध्ये पाणी गार होतं तितकी थंड. बाईंच्या हाताखालची मुलं भर मे महिन्यात स्वेटर, मफलर घालून कामाला येत आणि तशीच बसस्टॉपवर उभी राहत. लोक त्यांना आजारी समजून जागा देत. बाई मात्र अर्ध्या बाह्यांत आत जायच्या. थंडी सोसली की आपलीही तपकिरी चरबी टिकते, असं त्यांचं म्हणणं. चरबी टिकली की नाही देव जाणे, सर्दी टिकली. नऊ वर्षांत त्यांचं नाक कोरडं मी पाहिलं नाही.

त्यांचं काम काय ते मला पहिल्यांदा कळलं ते माझ्या नातीच्या बारशाला. आमंत्रण मी सगळ्यांना दिलं होतं, एकट्या याच आल्या. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असते, ओव्याची धुरी असते, बाळाला टोपडं आणि वर तीन कपडे. मे महिना होता. बाई आत आल्या, बाळाकडे पाहिलं आणि कुणाला न विचारता दुपटं सोडायला लागल्या. माझी विहीण बोनकोड्याची, तोंडाने खमकी. तिने मला विचारलं, "ही कोन?"

"आमच्या हाफिसातली डाक्टरीन."

"पोरांची?"

"उंदरांची."

विहीण उठलीच. पण तोवर बाईंनी पोरीला पालथी करून तिच्या मानेखाली बोट ठेवलं होतं. म्हणाल्या, "हिची शेगडी इथे आहे. देवाने आत दिलेली असताना तुम्ही खाली दुसरी कशाला पेटवलीत?" मग त्यांनी त्या घामाच्या खोलीत वीस बायकांना शिकवणी दिली. लहान बाळ थंडीत आपल्यासारखं कुडकुडत नाही. त्याच्या पाठीत तपकिरी चरबी असते, ती जळते आणि ऊब देते. आपण मोठे झालो की ती फार थोडी उरते आणि पोटावर पांढरी साठते. पांढरी म्हणजे लाकडाची वखार, तपकिरी म्हणजे चूल.

विहिणीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुमाला किती पोरं?"

"एकही नाही."

"मंग हे कशावरून सांगता?"

खोलीत सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत, पण खूश झाल्या. त्या घरात तेवढा एकच प्रश्न शहाणपणाचा आला, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. भेट म्हणून त्यांनी थर्मामीटर दिला होता. सोन्याचा मणी नाही, झबलं नाही, थर्मामीटर. आमच्याकडे अजून त्याची चेष्टा चालते.

पण चुलीची गोष्ट तिथे संपत नव्हती. बाईंचं खरं वेड पुढे होतं. आपल्या अंगात जंतू शिरले की त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी असतात. बाई त्यांना पहारेकरी म्हणायच्या. रक्तात फिरतात तसे हे पहारेकरी तपकिरी चरबीतही वस्तीला असतात. उंदीर सडपातळ असतो तोवर ते नीट वागतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. उंदीर तुपकट खाऊन फुगला की तेच पहारेकरी बिथरतात, चोर नसताना लाठ्या चालवतात आणि चूल विझत जाते. हे मला पटायला वेळ लागला नाही. आमच्या गावासमोरच्या सोसायटीतला वॉचमन असाच आहे. चोर त्याने एकही पकडला नाही, पण टोपली घेतलेल्या बायकांना गेटवर अर्धा तास उभं करतो.

बाईंचं म्हणणं असं की जाड्या उंदरातले हे बिथरलेले पहारेकरी औषध टोचून हटवले, तर चूल पुन्हा पेटेल. थंडीत तो उंदीर गरम राहील. पुढेमागे जाड्या माणसांना, साखरेच्या आजाराच्या माणसांना त्याचा उपयोग होईल. हे एवढं एक वाक्य खरं करायला त्यांनी नऊ वर्षं घातली. लग्न नाही, सण नाही, गावी जाणं नाही. निवृत्तीला आठ महिने उरले होते. हे सिद्ध झालं तर संस्था त्यांना आणखी तीन वर्षं ठेवणार होती. नाहीतर थंड खोली दुसऱ्या कुणाला जाणार होती. हे सगळ्या मजल्यांवर सगळ्यांना माहीत होतं.

शेवटच्या प्रयोगात जाडे उंदीर दोन भागांत वाटले. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग थंड खोलीत एका पिंजऱ्यात एक उंदीर, म्हणजे दुसऱ्याला चिकटून ऊब घेता येणार नाही. रोज दहाला मुलं येऊन त्यांचा ताप मोजत. दहाच्या आत ती कधी आली नाहीत आणि चारनंतर कधी थांबली नाहीत. आम्ही पिंजरे धुणाऱ्या बायका सकाळी आठला येत होतो आणि शेवटची फेरी चारनंतर मारून निघत होतो. दोन आठवड्यांत निकाल लागला. मिठाच्या पाण्याचे उंदीर गार पडले, औषधवाले गरम राहिले. मुलांनी मिठाई वाटली. बाईंनी पेढा अर्धाच खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून ठेवला, पण त्या दिवशी त्यांनी कुणाला कशावरून विचारलं नाही.

महिन्याभरात तो निबंध परदेशात छापायला घेतला गेला. मग मोठ्या साहेबांनी हुकूम काढला की ज्यांच्या कामाचं नाव झालं त्यांनी ते खालच्या कर्मचाऱ्यांनाही मराठीत समजावून सांगावं. समोसे होते, म्हणून आम्ही सगळ्या गेलो. बाईंनी भिंतीवर चित्रं दाखवली. चांगलं बोलल्या, खोटं कशाला सांगू. शेवटी म्हणाल्या, "या उंदराला काहीच दिलेलं नव्हतं. सोबतीला दुसरा उंदीर नाही, अंथरायला कागद नाही. तरी तो गरम राहिला, स्वतःच्या जोरावर."

माझ्या हातात समोसा होता. मी शेजारच्या सुमनकडे पाहिलं. सुमन उलव्याची, माझ्याबरोबर पिंजरे धुणारी. ती समोसाच खात होती, तिच्या काही लक्षात आलं नाही.

कागद होता. तो मीच घालत होते.

आमच्या धुण्याच्या खोलीत भिंतीवर जनावरांच्या डॉक्टरांनी मराठीत लिहून लावलेला नियम होता. जो उंदीर केस पिंजारून, पाठीला पोक काढून बसेल तो आजारी समजावा आणि त्याला जाताना मूठभर कातरलेला कागद जास्त द्यावा. उंदीर त्या कागदाचं घरटं करतो आणि त्यात शिरून बसतो. बाईंचं औषध कडक होतं. टोचल्यावर ते उंदीर ओल्या बाळंतिणीसारखे पडून राहत. मिठाच्या पाण्याचे टुणटुणीत होते. मी चारच्या फेरीला पिंजारलेल्यांना मूठ मूठ कागद घालत होते. सकाळपर्यंत तो मुतून ओला व्हायचा, म्हणून आठला काढून फेकत होते. दहाला मुलं यायची तेव्हा पिंजरा स्वच्छ. बाईंनी कागद घालायचा नाही हे थंड खोलीच्या दारावर लिहून लावलं होतं, पण इंग्रजीत. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. खिडकीशी उभ्याने दहीभात चालला होता.

"बाई, कागद व्हता."

"कुठे?"

"थंड खोलीत. उंदरांना."

"कशावरून?"

"मीच घातलेला."

त्यांनी चमचा डब्यात ठेवला. कोणत्या उंदरांना, विचारलं. मी म्हटलं, पिंजारून बसलेल्यांना, आजारी दिसले त्यांना, तसा नियम हाय. म्हणजे औषधवाल्यांना, त्या म्हणाल्या. दारावर लिहिलेलं वाचलं नाहीत का? मी म्हटलं, ते तुमच्या भाषेत हाय. आता ओरडतील, कामावरून काढतील, असं मला वाटलं. त्यांनी रुमाल काढला, तो नाकासाठी.

मग मला थंड खोलीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, रोज घालायचात तशी मूठ भरा. मी भरली. त्यांनी ती काट्यावर ठेवली. अशा दहा मुठी भरायला लावल्या आणि दहाही तोलून लिहून घेतल्या. म्हणाल्या, "तुमच्या मुठी सारख्या नाहीत, तांडेल." मी म्हटलं, मी काय मशीन हाय? चूल पेटली की नाही ते आता सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. रात्रभर घरट्यात बसलेल्याला सकाळचे दोन तास थंडीत काढणं जड नसतं. हे त्यांनी मला सांगितलं की स्वतःला, ते कळलं नाही.

"हे आणखी कुणाला बोललात?"

"नाय."

मला वाटलं, आता म्हणतील, मग बोलू नका. सगळी मोठी माणसं तेच म्हणतात. त्या म्हणाल्या, "मग लिहा. रजिस्टरमध्ये, तारखेसकट. तुमच्या अक्षरात." मी अर्धा तास बसून सहा ओळी लिहिल्या. त्यांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

प्रयोग पुन्हा सुरू झाला. दारावर आता मराठीत पाटी लागली. बाई सकाळी आठच्या आत यायच्या आणि आमची शेवटची फेरी होईपर्यंत पिंजऱ्यांसमोर उभ्या राहायच्या. या वेळी औषधवाले उंदीर बाकीच्यांइतकेच गार पडले. दोन तर आधी मेले. बाईंनी नवे उंदीर घेऊन तिसऱ्यांदा केलं. तेच झालं. पहारेकरी हटवून चूल पेटली नव्हती. ती ऊब माझ्या कागदाची होती. शेवटचा आकडा लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, "चला, एक खोटं कमी झालं." मुलांपैकी एक मुलगी रडायला लागली. बाईंनी तिला विचारलं, थर्मामीटर पुसून ठेवलास का?

मोठे साहेब त्या आठवड्यात उंदीरघरात उतरले. नोकरीला लागल्यापासून मी त्यांना तिथे पहिल्यांदा पाहिलं. नाकाला रुमाल, उंदीरघरात बुटावर घालतात त्या प्लास्टिकच्या पिशव्या उलट्या चढवलेल्या. गोड बोलत होते. म्हणाले, मॅडम, निबंध छापायला गेला आहे, मागे कशाला घेता? मूठभर कागदाने काय होतं? चूक असेल तर पुढचे लोक बघून घेतील.

बाई म्हणाल्या, "पुढच्या लोकांना कोण सांगणार पिंजऱ्यात कागद होता म्हणून? तांडेलांनी मला सांगितलं. मी तुम्हाला सांगितलं. आता तुम्ही कुणाला सांगता बोला."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी छताची गळती. मग मुदतवाढीचा विषय काढला. बाई म्हणाल्या, तो तुमच्या हातातला विषय आहे, हा माझ्या हातातला. त्याच दिवशी त्यांनी पत्र लिहून निबंध मागे घेतला. मुदतवाढ मिळाली नाही.

मग सगळ्यांच्या तोंडी बाईंचा खरेपणा. जे त्यांच्यामागे नाक शिंकरून दाखवायचे तेच ओल्या डोळ्यांनी बोलायला लागले. मी त्यात नव्हते. खरेपणा ठीक आहे, पण आधी डोळे कुठे होते? चहा ताजा कशावरून, मेलेला सुटला कशावरून, हे विचारणाऱ्या बाईने चार ते दहा आपल्या उंदरांजवळ कोण असतं आणि काय करतं, हे नऊ वर्षांत एकदा विचारलं नाही. आम्ही त्यांच्या लेखी नळ आणि झाडू. नळाला कुणी प्रश्न विचारत नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही बोलले होते. त्या म्हणाल्या, "बरोबर." एवढंच. माफी नाही, काही नाही. अशा माणसाशी नीट भांडताही येत नाही.

निवृत्तीच्या दिवशी वरच्या हॉलमध्ये हार, शाल, भाषणं सगळं मांडून ठेवलं होतं. बाई वर गेल्याच नाहीत. सकाळी आठला गाऊन, टोपी, बुटावर प्लास्टिकच्या पिशव्या अशा सगळ्या तयारीने धुण्याच्या खोलीत आल्या, एक बादली उपडी घातली आणि तिच्यावर वही घेऊन बसल्या. आम्ही काय करतो ते लिहायला लागल्या. पिंजरा आधी कोणत्या नळाखाली धरता? तूस किती ओंजळी? ते भातगिरणीतून येतं तेव्हा दमट असतं का? बाटलीचं पाणी कोण बदलतं, तिला कोणी सांगितलं? सुमनला तर घाम फुटला. वरून दोनदा बोलावणं आलं. बाईंनी मान हलवली आणि लिहीत राहिल्या.

सुमन माझ्या कानाशी म्हणाली, "बाईचं सगलं गेलं. उंदीर गेले, खोली गेली. आता काय लिवत बसलेय?"

मी म्हटलं, विचार की.

सुमनने खरंच विचारलं. बाई म्हणाल्या, तुम्ही काय काय करता ते. सुमन म्हणाली, "पन कोनासाठी?"

बाईंचं लिहिणं थांबलं. लेखणी वहीवर टेकलेली, नाक गळत होतं, ते पुसायचं राहिलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि पुढची ओळ लिहायला लागल्या.

चारच्या फेरीला आमच्याबरोबर फिरल्या. शेवटच्या पिंजऱ्याची कडी लागली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली, वही मिटली आणि निघाल्या. येते नाही, जाते नाही. मागच्या दाराने बाहेर पडल्या त्या टोपी आणि पिशव्यांसकट. हाक मारायला सुमनने तोंड उघडलं, मी तिचा हात धरला. म्हटलं, जाऊ दे, रस्त्यात कलेल तिला.

आम्ही दारातून पाहत होतो. वही छातीशी धरून बाई उन्हातून गेटपर्यंत गेल्या. पायातल्या पिशव्या डांबरावर फरफर वाजत होत्या. गेटपाशी त्यातली एक सुटून मागे राहिली. बाईंनी वळून पाहिलं नाही, रस्ता ओलांडून रिक्षात बसल्या. संध्याकाळी घरी निघताना ती पिशवी मी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.